मामेभावाने माझ्याच गाडीत मला हरवलं

वाचकाचं पत्र, त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव वगळून आणि बरंचसं आटोपशीर करून :

वय ३४. कोल्हापूर परिसरात फाउंड्रींसाठी पॅटर्न (ओतकामाचे साचे पाडायचे नमुने) बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. गेली चार वर्षं, वर्षातून तीन-चार वेळा, मित्रांबरोबर कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेला (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस) जातात. गाडी स्वतःची हॅचबॅक. सस्पेन्शन, टायर आणि इंजिनाचं रिमॅप (त्याच्या कॉम्प्युटरची नवी जुळवणी) मिळून तिच्यावर पावणेतीन लाख घातलेत. मागच्या खेपेला बावीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला असलेला मामेभाऊ सोबत आला. ट्रॅकवर पहिल्यांदाच. शेवटच्या सत्रात यांनी हौसेने त्याला किल्ली दिली, आणि यांच्या चार वर्षांतल्या सर्वोत्तम लॅपपेक्षा (ट्रॅकच्या एका फेरीपेक्षा) त्याने १.८ सेकंद कमी घेतले. ते लिहितात : ‘मी त्याच्यापेक्षा उशिरा ब्रेक मारतो. सरळ पट्ट्याच्या टोकाला माझा वेग त्याच्याहून एखाद किलोमीटरने जास्तच दिसतो. दर रविवारी पहाटे आंबा घाटात सराव करतो. आणि त्याने आयुष्यात काय केलंय, तर हॉस्टेलवर टेबलाला स्टिअरिंग लावून गेम खेळलाय!’ मित्र म्हणतात, हे अंगातच असावं लागतं. बायको म्हणते, जमत नाही तर सोडा ना. एक कोच मिळतोय, पण उपजत नसेल तर कोच तरी काय करणार, असा त्यांचा प्रश्न आहे. सोबत दोघांचे ट्रॅकवरचे फोटो जोडले आहेत.

नमस्कार,

किल्ली तुम्ही स्वतःहून दिलीत, हे मला पत्रात सगळ्यात आवडलं. आपली गाडी, तीही ट्रॅकवर, दुसऱ्याच्या हातात द्यायला मन मोठं लागतं. परतीच्या हजारेक किलोमीटरमध्ये तेच मन किती आक्रसलं असेल, याचीही कल्पना करू शकतो. तो मागच्या सीटवर गाढ झोपला होता का? ही मंडळी नेहमी झोपतात.

मी स्वतः कधी वेगवान नव्हतो. तरुणपणी ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानात आखलेल्या मार्गावरची घड्याळाविरुद्धची शर्यत) दोन-तीनदा गाडी घातली, घड्याळाने जे सांगायचं ते सांगितलं, आणि मी मुकाट डावीकडच्या सीटवर सरकलो. पुढे सहा-सात वर्षं रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून बसलो. मांडीवर वही, तोंडाने पुढचं वळण सांगत राहायचं. नॅव्हिगेटरला रस्ता फारसा दिसतच नाही, त्याचे डोळे वहीत. पण शेजारचा माणूस गाडी कशी हाकतोय हे त्याला बुडाखालून कळतं. ब्रेक कसा दाबला, कसा सोडला, स्टिअरिंगला एकदाच हात घातला की तीनदा, सगळं सीटमधून वर येतं. पुढे जे लिहितोय ते बहुतेक तिथूनच आलेलं आहे.

आधी एक हिशेब करू. तुम्ही हिशेबातले माणूस आहात, पॅटर्नवर दशांश मिलिमीटर सोडत नसाल. वर्षाला तीन-चार दिवस, चार वर्षं, म्हणजे धरा चौदा दिवस. एका दिवसात वीस-वीस मिनिटांची चार सत्रं, म्हणजे ऐंशी मिनिटं. चौदा गुणिले ऐंशी, अकराशे वीस मिनिटं. एकोणीस तासही भरत नाहीत! त्यातून गाडी गरम करण्याच्या, मागच्याला वाट देण्याच्या, ब्रेक थंड करण्याच्या लॅप वजा करा. तुम्ही ज्याला ‘चार वर्षं’ म्हणता, ते घड्याळात मोजलं तर अडीच दिवसांच्या नोकरीएवढं आहे.

आता मामेभावाकडे या. ‘गेम खेळलाय’ हे शब्द तुम्ही झटकून टाकलेत. मी तिथेच थांबलो. त्याला एकदा नीट विचारा की किती वर्षं आणि रोज किती वेळ. मला उत्तर माहीत नाही, पण रोज तासभर आणि तीन वर्षं धरली तरी हजार तास होतात. त्या हजार तासांत त्याने तीच ती वळणं हजारो वेळा घेतली, चुकला, भिंतीवर गेला, एक बटण दाबून परत उभा राहिला आणि प्रत्येक वेळी आपण कुठे दशांश सेकंद हरवला हे पडद्यावर पाहिलं. टायरचा एक पैसा खर्च न होता. तुमच्याकडे एकोणीस तास, त्याच्याकडे कदाचित हजार. आणि तरी तुमचे मित्र त्याला नवखा आणि तुम्हाला मुरलेला समजतात.

हे काही मी तुमची समजूत काढायला सांगत नाही. २००८ मध्ये निसान आणि सोनी यांनी मिळून जीटी अकॅडमी नावाची स्पर्धा सुरू केली. ग्रॅन टुरिस्मो या गेममध्ये जे सर्वांत वेगवान, त्यांना निवडून खऱ्या रेसिंग गाडीत बसवायचं. पहिला विजेता स्पेनचा लुकास ऑर्दोनेझ. २०११ मध्ये तो ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. त्याच वर्षी ही स्पर्धा जिंकलेला ब्रिटनचा यान मार्डनबरो २०१३ मध्ये तिथेच एलएमपी२ (खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांच्या एका) गटात तिसरा. यातला अर्धाच भाग लोक सांगतात, की बघा, गेम खेळणारी पोरं थेट शर्यतीत. दुसरा अर्धा भाग असा की निवड झाल्यावर या मुलांना शिक्षकांच्या हाताखाली घातलं, खऱ्या गाड्यांत घासलं, लहान शर्यती करून परवाने मिळवायला लावले, आणि मगच मोठ्या शर्यतीच्या ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) उभं केलं. त्यांच्यात उपजत काहीतरी होतंच, हजारोंमधून वर आले म्हणजे असणारच. पण ते आहे हे कळल्यावर पहिलं काम कोणतं केलं, तर कोच दिला.

म्हणून तुमचा प्रश्नच मला उलटा वाटतो. ‘उपजत नसेल तर कोच काय करणार’ असं तुम्ही विचारता, पण शिकवणी न घेतलेल्या माणसात उपजत किती आहे हे मोजायचं कशाने? तुमच्या वर्कशॉपमध्ये नवा मुलगा लेथवर उभा केला, त्याला कुणी काही दाखवलं नाही आणि चार महिन्यांनी त्याचे जॉब रिजेक्ट व्हायला लागले, तर तुम्ही ‘याच्या अंगातच नाही’ म्हणाल, की ‘याला शिकवलं कुणी?’ असं विचाराल?

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. दहा हजार तास घासले की कुणीही काहीही होतो, असं एक सुभाषित मधल्या काळात फार फिरलं. त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवादक त्यांनी तपासले होते. त्यांचा भर तासांच्या आकड्यापेक्षा सरावाच्या जातीवर होता. आपली नेमकी कमजोरी धरून, शिक्षकाने नेमून दिलेला, लगेच चूक दाखवणारा सराव. पुढे २०१४ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खेळांमध्ये खेळाडू-खेळाडूंतल्या फरकापैकी सुमारे १८ टक्केच या सरावाने उलगडला. बाकीच्यात शरीर, सुरुवातीचं वय, शिकवण्याचा दर्जा, जनुकं, घरचा पैसा, नशीब, काय काय असणार. तेव्हा ‘मेहनत केली की झालं’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते खोटं आहे.

उपजत असतं. मी ते जवळून पाहिलंय. माझ्याबरोबर एक ड्रायव्हर होता, त्याच्या शेजारी बसलं की मला वहीतली अक्षरं नीट वाचता यायची. इतरांच्या गाडीत तीच अक्षरं नाचायची. वेग मात्र त्याचाच जास्त. मागचं चाक घसरायच्या आधी, अगदी आधी, त्याचा हात हललेला असे. कसं कळतं विचारलं तर म्हणायचा, ‘गाडी हलकी लागते रे.’ बास, एवढंच. हे बुडातलं कळणं, धोक्यातही मन मोकळं ठेवणं आणि एकदा चुकलं की दुसऱ्या फेरीत ते न करणं, या तीन गोष्टी काहींना इतरांपेक्षा स्वस्तात मिळतात. तुमच्या मामेभावाला मिळाल्या असतीलही. पण गंमत बघा, त्या ड्रायव्हरचे वडील ट्रकचे मालक. दहाव्या-अकराव्या वर्षापासून तो रिकाम्या आवारात जीप फिरवायचा. मग हे उपजत म्हणायचं की बालपण? भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन (२००५, जॉर्डन संघ), त्याचे वडील रॅलीतले नावाजलेले ड्रायव्हर. त्याच्यानंतर २०१० मध्ये तिथे पोचलेल्या करुण चंढोकचे वडीलही रॅलीतलेच. ‘रक्तातच आहे’ म्हणायला आपण मोकळे. मात्र याच नारायणला १९९२ मध्ये फ्रान्सच्या विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकायला जावं लागलं होतं. रक्त होतं, तरी शाळा चुकली नाही.

आता तुमच्या गाडीत बसू. तुमच्या पत्रात निदान तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त त्याला फुशारकी समजून बसलात. उशिरा ब्रेक, पट्ट्याच्या टोकाला जास्त वेग, आणि तरी लॅप १.८ सेकंदांनी मागे. ही हौशी ड्रायव्हरची जगभरातली खूण आहे.

काय होतं ते सांगतो. तुम्ही पट्ट्याच्या शेवटी मामेभावापेक्षा दहा मीटर पुढे जाऊन ब्रेक मारता. त्यात दशांश-दीड दशांश सेकंद हाताला लागतो आणि मर्दुमकी केल्यासारखं वाटतं. पण आता जागा कमी उरली, म्हणून ब्रेक जोरात आणि जास्त वेळ दाबला जातो. वळण सुरू झालं तरी पाय ब्रेकवरच. मग एकदम सोडता. नाकावरचा भार झटक्यात उठतो आणि पुढच्या टायरची पकड नेमकी लागते तेव्हाच जाते. गाडी वळत नाही, म्हणून स्टिअरिंग आणखी पिळता. वळणाच्या आतल्या कडेला लवकर पोचता, मग बाहेर पडताना रस्ता संपतो, म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून वाट बघत बसता. ही वाट बघणं म्हणजे तुमचे १.८ सेकंद. समजा बाहेर पडताना तुमचा वेग त्याच्याहून ताशी ३ किलोमीटरने कमी आहे आणि पुढे ४०० मीटरचा पट्टा आहे. सरासरी १३० चा वेग धरला आणि फरक पट्टाभर टिकला, तर एवढ्यानेच पाव सेकंद जातो. अशी वळणं एका लॅपमध्ये किती? जिथे मिळवलं असं वाटतं तिथे दशांश मिळाला, आणि जिथे काहीच घडलं नाही असं वाटतं तिथे पाव-पाव सेकंद सांडत गेला.

हे कौशल्य उपजत नसतं. ब्रेक हळूहळू सोडत गाडी वळणात घालणं आपल्या सहज बुद्धीच्या विरुद्ध आहे. घाबरलेला पाय एकतर पूर्ण दाबतो नाहीतर पूर्ण सोडतो. मामेभावाचा पाय असा घाबरत नाही, कारण गेममध्ये त्याला मरायची भीती नव्हती. तिथे त्याने आधी सफाई शिकून घेतली. भीतीशी त्याची भेट आता व्हायचीय. (एकदा गाडी गोल फिरू दे त्याची, मग बघू. हे कुत्सितपणे म्हणत नाहीये. त्याच्या गेमने त्याला शरीरावर येणारा भार, तापलेल्या ब्रेकचा मऊ पेडल आणि आपल्याच पैशाची गाडी ठोकण्याची धास्ती शिकवलेली नाही. त्यालाही कोच लागणार आहे.)

तुमचे दोन फोटो मी बराच वेळ बघत होतो. एकच वळण, एकच गाडी, साधारण एकाच जागी. तुमच्या फोटोत हेल्मेट समोर आहे, नजर बॉनेटच्या पुढे दहा-पंधरा मीटरवर, जवळच्या कर्बवर (ट्रॅकच्या काठावर). मामेभावाचं हेल्मेट उजवीकडे इतकं वळलंय की काचेच्या बाजूने त्याची हनुवटी दिसते. तो वळणाच्या पलीकडे बघतोय. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ब्रिटनमध्ये दोन संशोधकांनी टॉमस शेक्टर या व्यावसायिक ड्रायव्हरच्या डोळ्यांची आणि मानेची हालचाल ट्रॅकवर नोंदवली, तेव्हा असं दिसलं की गाडी जेवढी वळणार आहे त्याच्या जवळपास एक सेकंद आधी त्याची मान तेवढी वळलेली असते. लोक म्हणतात रेसरची प्रतिक्रिया विजेसारखी. त्यापेक्षा तो आधी बघतो, म्हणून त्याला कमी प्रतिक्रिया द्याव्या लागतात, असं म्हणणं जास्त बरोबर. आणि मान आधी वळवणं ही शिकवता येण्यासारखी गोष्ट आहे. पहिल्या दिवशी कोच शेजारी बसून दुसरं काही बोलत नाही, ‘वर बघ, पुढे बघ, अजून पुढे’ एवढंच घोकतो.

कोल्हापुरात राहून कोचबद्दल असा प्रश्न पडावा, याचं मला खरंच नवल वाटलं. तुमच्याकडे कुठल्याही तालमीत जाऊन विचारा की पोरगं दणकट आहे, मग वस्ताद कशाला? हाकलून देतील. खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची. कराडजवळच्या गोळेश्वरचा, घरातच कुस्ती असलेला, राजाराम कॉलेजातला गडी १९४८ ला लंडनला गेला. मातीत घडलेला माणूस. गादीची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती. रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराने त्याची तयारी करून घेतली. सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ ला हेलसिंकीत, त्याच गादीवर कांस्यपदक. अंगातली रग चार वर्षांत बदलली नसेल, पण गादी ओळखीची झाली होती.

तुमची माती म्हणजे रस्ता, आणि ट्रॅक म्हणजे गादी. आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. आंबा घाटातला ‘सराव’ आजपासून बंद. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी हा गुन्हा आहे, हे एक. समोरून येणारा दुधाचा टेम्पो तुमच्या छंदाला सामील झालेला नाही, हे दुसरं आणि खरं कारण. आणि तिसरं खास तुमच्यासाठी, की तो सराव तुम्हाला हळू करतोय. घाटात शहाणा माणूस टायरच्या पकडीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर राहतो, रस्त्याचा अर्धाच भाग वापरतो, वळणापलीकडे काय आहे या शंकेने नजर जवळ ठेवतो. ट्रॅकवर नेमकं याच्या उलट करायचं असतं. दर रविवारी पहाटे उठून तुम्ही चुकीचा डाव घटवताय. उजळणीने फक्त कौशल्य पक्कं होतं असं थोडंच आहे, खोडही तितकीच पक्की होते.

मग पर्याय काय? बायको म्हणते तसं सोडून देणं हा पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही. पण तिचं वाक्य परत वाचा. ‘जमत नाही तर’ असं ती म्हणाली. हे ‘जमत नाही’ तिला कुणी सांगितलं? तुम्हीच, घरी येऊन, तोंड पाडून. ती बहुधा शर्यतीला कंटाळलेली नाही. कोईमतूरहून परतणाऱ्या तुमच्या चेहऱ्याला कंटाळली असावी. पैशाचा मुद्दा असेल तर तो वेगळा आणि रास्त आहे, तो दोघांनी वही घेऊन बसून सोडवा. पावणेतीन लाख तिच्याशी न बोलता गेले असतील, तर कोचची गोष्ट काढण्याआधी ते मिटवा.

स्टॉपवॉच बंद करून नुसती मजा घ्यायची, हाही मार्ग आहे. पुष्कळ लोक तसं करतात आणि सुखी असतात. तुम्हाला ते जमेल असं वाटत नाही. ज्याने १.८ हा आकडा पत्रात तीनदा लिहिलाय, तो घड्याळ बंद करणार नाही.

तिसरा मार्ग गाडीवर आणखी खर्च. हा मात्र पक्का बाद, आणि त्याचा पुरावा मामेभावाने फुकटात दिलाय. तेच टायर, तेच इंजिन, तोच दिवस, आणि १.८ सेकंद गाडीत शिल्लक निघाले. एवढी चांगली बातमी तुम्ही अपमान समजून घरी घेऊन आलात!

राहिला कोच. घ्या, पण पारखून घ्या. वेगवान ड्रायव्हर चांगला शिकवतोच असं नाही. माझा तो ‘गाडी हलकी लागते’ वाला देवमाणूस होता, पण त्याच्याकडून कुणी काही शिकलं नाही, कारण आपण काय करतो हे त्यालाच माहीत नव्हतं. ज्याला स्वतःला कष्टाने यावं लागलं तो बरेचदा बरा शिकवतो. त्याला विचारा की शेजारी बसणार का, डेटा बघणार का, मागच्या विद्यार्थ्याची कुठली एक सवय त्याने बदलली. ‘तीन सेकंद काढून देतो’ म्हणाला तर नमस्कार करून निघा. पहिल्या सत्रात त्याला तुमची गाडी तीन लॅप चालवू द्या आणि तुम्ही डावीकडे बसा. रेषेकडे बघू नका, त्याच्या पायांचा आवाज ऐका, ब्रेक किती सावकाश सुटतो ते बुडाने मोजा. मग त्याच्या आणि तुमच्या लॅपचा वेगाचा आलेख एकमेकांवर ठेवून बघा. सेकंदाला दहा नोंदी घेणारं साधं जीपीएस लॉगरही पुरतं. तुमच्या फोनवरच्या ॲपमध्ये तुम्ही फक्त पट्ट्याच्या टोकाचा सर्वाधिक वेग बघता. यापुढे प्रत्येक वळणातला सर्वांत कमी वेग बघा, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण कुठे दाबला ती जागा. पॅटर्न तपासताना तुम्ही चुकीचं माप घेऊन बरोबर जॉब कधी काढलाय का?

एका सत्रात एकच गोष्ट. सकाळी फक्त नजर, दुपारी फक्त ब्रेक सोडणं. त्या दिवशी लॅपचा वेळ वाढेल, वाढू द्या. इथे बहुतेक लोक घाबरून जुन्या सवयीकडे पळतात. सत्र संपलं की हेल्मेट काढल्या काढल्या, चहाच्या आधी, वहीत दोन ओळी लिहा. माझ्या अनुभवात चहानंतर सगळे शूर होतात आणि खरं काय घडलं ते विसरतात. टायरचा दाब लिहा, ब्रेक ऑइल वेळेवर बदला, आणि तुमच्या विम्याची अटींची पानं उघडून बघा. नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचणीतलं नुकसान वगळलेलं असतं, हे अनेकांना गाडी ठोकल्यावर कळतं.

कोईमतूर वर्षातून चारदाच जमणार असेल तर मधले महिने कार्टिंगला (छोट्या, उघड्या कार्ट गाड्या पळवायला) द्या. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. लोक लांबून तिकडे येतात आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून घाट गाठता. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे चूक लपत नाही, थेट बरगड्यांत कळते. फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेनासुद्धा कार्टिंगच्या दिवसांत पावसाच्या एका शर्यतीत मार खाल्ल्यावर पाऊस पडला की कार्ट घेऊन बाहेर पडायचा. पुढे लोक त्याला पावसाचा जादूगार म्हणू लागले. आणि दिवाळीत मामेभाऊ घरी आला की त्याचं ते टेबलाला लावायचं स्टिअरिंग आठ दिवस उसनं मागा. मागताना जीभ थोडी अडखळेल, माहीत आहे.

तुम्ही बारा वर्षांचे असता आणि युरोपात जाऊन फॉर्म्युला फोर (फॉर्म्युला वनकडे जाणारी खालची पायरी) चालवायचं म्हणत असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तिथे ग्रिडवरच्या प्रत्येकाला कोच असतो, प्रत्येकाने हजारो लॅप मारलेल्या असतात, म्हणून उरलेला फरक बराचसा उपजत गुणाचा आणि वडिलांच्या खिशाचा असतो. तुमच्या मित्रमंडळात एकालाही कोच नाही. तिथे जो फरक दिसतो त्यावरून कुणाच्या अंगात काय आहे हे सांगणं म्हणजे न घासलेल्या चाकूंवरून पोलाद पारखणं. कोचबरोबर एक वर्ष, चार ट्रॅक-डे काढा. एवढ्यात तुम्ही मामेभावाला गाठाल का? कदाचित नाही. तोही थांबलेला नसेल. पण चूक सापडल्यावर ती दुरुस्त करण्यात तुम्हाला चव येते का, हे वर्षभरात नक्की कळेल. ती चव नसेल तर मग बायकोचं ऐका, आणि गाडीला परत जुनं सस्पेन्शन लावा; सध्याच्या त्या कडक सस्पेन्शनवर घरच्यांना जोतिबाला नेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पुढच्या खेपेला त्याच वळणावर तुमचा आणखी एक फोटो काढून घ्या आणि मला पाठवा. लॅपचा वेळ लिहू नका. हेल्मेट कुठे वळलंय, तेवढंच बघायचं आहे.